परदेशी जोडीदाराशी लग्न: व्हिसा, कायम वास्तव्य आणि नागरिकत्व यांची माहिती

ओझर, निफाड, नाशिक या पट्ट्यातली आपली मुले-मुली आता उच्च शिक्षणासाठी आणि नोकरीसाठी मोठ्या संख्येने परदेशी जात आहेत. ओझरला परदेश तसा नवा नाही. १९६४ मध्ये मिग विमानांसाठी एचएएलचा कारखाना इथे आला आणि रशियन तंत्रज्ञ टाउनशिपमध्ये राहून गेले. आजही पत्त्यात ‘ओझर मिग’ लिहिले जाते. फरक इतकाच की आता आपली मुले तिकडे जात आहेत. त्यातल्या काहींचे तिथल्या नागरिकाशी लग्न ठरते, तर काहींना परदेशी स्थायिक झालेल्या बौद्ध कुटुंबांतून स्थळे येतात. अशा वेळी घरात पहिला प्रश्न विचारला जातो तो हाच, की लग्न झाले की तिकडचे नागरिकत्व मिळते का?

याचे उत्तर, नाही. लग्नामुळे नागरिकत्व मिळत नाही, अर्ज करण्याचा हक्क मिळतो. अर्ज मंजूर झाल्यावर काही वर्षांचा व्हिसा, त्यानंतर कायम वास्तव्य आणि शेवटी नागरिकत्व असा तो टप्प्याटप्प्याचा प्रवास आहे. मधल्या दोन ते पाच वर्षांत तुमचे त्या देशातले राहणे बऱ्याच अंशी जोडीदाराच्या सहीवर अवलंबून असते. या काळात फसवणूक किंवा छळ झाला तर सर्वाधिक नुकसान बाहेरून आलेल्या व्यक्तीचे होते, आणि आपल्याकडे ती बहुतेक वेळा मुलगी असते. म्हणून लग्नाआधी काय तपासावे, कोणते कागद करावेत आणि काय मिळवताना काय सोडावे लागते, याची माहिती या लेखात एकत्र दिली आहे.

थोडा इतिहास

लग्न आणि नागरिकत्व यांची सांगड जुनी आहे आणि ती बराच काळ स्त्रीच्या विरोधात होती. अमेरिकेत १९०७ च्या कायद्याने परदेशी पुरुषाशी लग्न करणाऱ्या अमेरिकन स्त्रीचे नागरिकत्व आपोआप जात असे. १९२२ च्या केबल कायद्याने हे बदलले, पण ‘नागरिकत्वास अपात्र’ मानलेल्या वंशाच्या पुरुषाशी लग्न केले तर ते तरीही जाई. १९२३ मध्ये भगतसिंग थिंड यांच्या खटल्यात अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने भारतीयांना या अपात्र गटात टाकले. त्यामुळे क्रांतिकारक तारकनाथ दास यांच्या अमेरिकन पत्नी मेरी दास यांनाही आपल्याच देशाचे नागरिकत्व गमवावे लागले. भारतीयांना तिथे नागरिकत्वाचा मार्ग खुला झाला तो १९४६ मध्ये.

ब्रिटनमधला प्रसंग तर आपल्या आई-वडिलांच्या पिढीतला आहे. जानेवारी १९७९ मध्ये लंडनच्या हीथ्रो विमानतळावर लग्नासाठी आलेल्या एका ३५ वर्षांच्या भारतीय शिक्षिकेची ‘कौमार्य चाचणी’ घेण्यात आली. नियोजित वधूला प्रवेशासाठी व्हिसा लागत नव्हता, विवाहितेला मात्र परवानगी आणि मोठी प्रतीक्षा होती. म्हणून ही स्त्री खरेच अविवाहित आहे का, हे तिच्या शरीरावरून ठरवायचा तो प्रकार होता. बातमी फुटल्यावर तो थांबवावा लागला. आज अशी तपासणी होत नाही, पण ‘हे लग्न खरे आहे का’ हा प्रश्न प्रत्येक देशाचा अधिकारी आजही विचारतो. त्याचे उत्तर आता कागदपत्रांतून द्यावे लागते.

१९५७ मध्ये संयुक्त राष्ट्रांनी विवाहित स्त्रियांच्या नागरिकत्वाविषयीचा करार केला. लग्न, घटस्फोट किंवा पतीचे नागरिकत्व बदलणे यामुळे पत्नीचे नागरिकत्व आपोआप बदलणार नाही, हे तत्त्व त्यात मान्य झाले. आजचे बहुतेक कायदे याच तत्त्वावर उभे आहेत.

लग्न कोणत्या कायद्याखाली करावे?

आपल्या समाजात सर्वाधिक गोंधळ इथे होतो. बौद्ध पद्धतीने झालेला विवाह हिंदू विवाह कायदा, १९५५ खाली येतो. कलम २ नुसार हा कायदा बौद्ध, जैन आणि शीख यांनाही लागू आहे. पण त्यासाठी दोन्ही पक्ष या धर्मांपैकी असावे लागतात. जोडीदार ख्रिश्चन, मुस्लिम किंवा ज्यू असेल तर विहारात त्रिसरण-पंचशील घेऊन लागलेले लग्न कितीही मंगल असले तरी या कायद्याखाली वैध ठरत नाही. अशा वेळी विशेष विवाह कायदा, १९५४ हा योग्य मार्ग आहे. जोडीदार परदेशातला बौद्ध असला तरी पुढचे वाद टाळण्यासाठी हाच मार्ग सुरक्षित. नोंदणी विवाह आपल्या चळवळीला परका नाही. बाबासाहेब आणि माईसाहेब यांचा विवाहही १५ एप्रिल १९४८ रोजी दिल्लीत नोंदणी पद्धतीनेच झाला होता.

विशेष विवाह कायद्याची प्रक्रिया अशी:

- दोघांपैकी किमान एकाचे नोटिशीपूर्वी सलग ३० दिवस त्या जिल्ह्यात वास्तव्य हवे. ओझरचा रहिवासी नाशिक जिल्ह्याच्या विवाह अधिकाऱ्याकडे नोटीस देऊ शकतो. परदेशी जोडीदाराने स्वतंत्रपणे ३० दिवस राहण्याची गरज नाही.
- नोटीस कार्यालयात प्रसिद्ध होते. ३० दिवसांत वैध हरकत आली नाही तर पुढे विवाह करता येतो. नोटिशीपासून ३ महिन्यांत विवाह झाला नाही तर नवी नोटीस द्यावी लागते.
- विवाहाच्या वेळी तीन साक्षीदार लागतात.
- परदेशी व्यक्तीकडून पासपोर्ट, व्हिसा आणि अविवाहित असल्याचे किंवा घटस्फोट झाल्याचे तिच्या देशाचे प्रमाणपत्र मागितले जाते.
- मुलाचे वय २१ आणि मुलीचे १८ पूर्ण हवे.

म्हणजे पंधरा दिवसांच्या सुट्टीवर आलेल्या जोडीदाराशी या कायद्याखाली लग्न करायचे असेल तर नोटिशीचे नियोजन आधीच करावे लागते. लग्न परदेशातच करायचे असेल आणि दोघांपैकी एक भारतीय असेल, तर परदेशी विवाह कायदा, १९६९ नुसार भारतीय दूतावासातील विवाह अधिकाऱ्याकडे ते करता येते. तिथेही ३० दिवसांची नोटीस आहे. तिथल्या स्थानिक कायद्यानुसारही लग्न करता येते.

दोघेही बौद्ध असतील आणि विवाह बौद्ध पद्धतीने झाला असेल तर त्याची नोंद महाराष्ट्र विवाह मंडळे विनियमन व विवाह नोंदणी अधिनियम, १९९८ खाली करावी. ९० दिवसांत अर्ज करणे अपेक्षित आहे. ओझरमध्ये हे काम नगरपरिषदेत आणि गावात ग्रामपंचायतीत होते. विहार, बौद्धाचार्य किंवा एखादी संस्था देते ते प्रमाणपत्र म्हणजे विधी झाल्याचा पुरावा. ते शासकीय विवाह नोंदणी प्रमाणपत्र नव्हे आणि दूतावास ते पुरेसे मानत नाही.

याच्या उलट चूकही होते. व्हिसाचा अर्ज लवकर भरता यावा म्हणून काही जण विधी न करताच नोंदणी उरकतात आणि ‘खरे लग्न’ पुढच्या वर्षी करायचे ठरवतात. २०२४ मध्ये डॉली राणी विरुद्ध मनीष कुमार चंचल या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले, की हिंदू विवाह कायद्याखाली विधीच झाला नसेल तर केवळ प्रमाणपत्राने विवाह होत नाही. व्हिसासारख्या सोयीसाठी अशी नोंदणी करण्याच्या पद्धतीचाही निकालात उल्लेख आहे. म्हणजे अशा प्रमाणपत्रावर परदेशी गेलेल्या मुलीला उद्या ‘तुमचे लग्नच झाले नव्हते’ असे ऐकावे लागू शकते. विशेष विवाह कायद्यात हा धोका नाही, कारण तिथे विवाह अधिकाऱ्यासमोरची घोषणा हाच विवाह असतो.

मालमत्ता आणि जातीचा दाखला

विशेष विवाह कायद्याचे कलम १९ फारसे कोणी वाचत नाही. एकत्र कुटुंबातील हिंदू, बौद्ध, शीख किंवा जैन व्यक्तीने या कायद्याखाली अन्य धर्मीयाशी लग्न केले तर ती व्यक्ती एकत्र कुटुंबातून विभक्त झाली असे कायदा मानतो. याचा अर्थ तिचा हिस्सा बुडतो असा नाही. मात्र त्यानंतरचा वारसा भारतीय उत्तराधिकार कायदा, १९२५ नुसार चालतो. दोघेही या चार धर्मांपैकी असतील तर कलम २१-अ मुळे ही तरतूद लागू होत नाही. गावी सामाईक शेती किंवा घर असेल तर लग्नाआधी घरच्यांशी आणि वकिलाशी याविषयी बोलून घ्यावे.

अनुसूचित जातीचा दर्जा जन्मावर आधारित आहे. १९९० च्या दुरुस्तीने तो बौद्धांनाही मिळाला. परदेशी किंवा अन्य जातीय व्यक्तीशी लग्न केल्याने तो जात नाही. मुलांच्या बाबतीत २०१२ च्या रमेशभाई नायका निकालाने दिशा दिली आहे. मूल कोणत्या सामाजिक परिस्थितीत वाढले आणि त्याला आईच्या समाजाप्रमाणे भेदभाव सोसावा लागला का, हे पुराव्यावरून पाहिले जाते. परदेशात वाढलेल्या मुलासाठी हे सिद्ध करणे अवघड आहे.

देशनिहाय नियम

रकमा आणि मुदती बदलत असतात. अर्ज करण्याच्या दिवशी त्या सरकारच्या अधिकृत संकेतस्थळावर आकडा पाहावा. नियमांचा सांगाडा मात्र पुढीलप्रमाणे आहे.

अमेरिका: नागरिक असलेला जोडीदार आय-१३० अर्ज भरतो. लग्नाआधी जायचे असल्यास के-१ हा नियोजित वधू-वराचा व्हिसा आहे. त्यात पोहोचल्यापासून ९० दिवसांत, ज्याने अर्ज केला त्याच व्यक्तीशी लग्न करावे लागते. ते मोडले तर दुसऱ्या कोणाशी लग्न करून तिथे राहता येत नाही. ग्रीन कार्ड मिळताना लग्नाला दोन वर्षे झाली नसतील तर कार्ड सशर्त असते, दोन वर्षांचे. ते संपण्याआधीच्या ९० दिवसांत अट काढून घेण्यासाठी दोघांनी मिळून आय-७५१ अर्ज भरायचा असतो. नागरिक जोडीदारासोबत राहणाऱ्याला ग्रीन कार्डनंतर तीन वर्षांनी नागरिकत्वाचा अर्ज करता येतो. इतरांना पाच वर्षे लागतात.

ब्रिटन: जोडीदाराच्या उत्पन्नाची अट २०१२ मध्ये १८,६०० पौंड होती. ११ एप्रिल २०२४ पासून ती वर्षाला २९,००० पौंड झाली. भारतातून जाणाऱ्याला इंग्रजीची ए-१ पातळीची परीक्षा आणि क्षयरोगाची तपासणी लागते. आरोग्य सेवेचा अधिभार वेगळा, प्रौढ व्यक्तीस वर्षाला १,०३५ पौंड. पहिला व्हिसा ३३ महिन्यांचा, मग ३० महिन्यांची मुदतवाढ आणि पाच वर्षांनी कायम वास्तव्याचा अर्ज असा क्रम आहे. कायम वास्तव्य मिळाल्यावर ब्रिटिश नागरिकाच्या जोडीदाराला लगेच नागरिकत्वाचा अर्ज करता येतो.

कॅनडा: इथे जोडीदाराला थेट कायम वास्तव्य मिळते. २०१२ मध्ये आणलेली दोन वर्षे एकत्र राहण्याची अट एप्रिल २०१७ मध्ये रद्द झाली, कारण तिच्यामुळे छळ सोसणाऱ्या स्त्रिया घरात अडकून पडत होत्या. प्रायोजकाला जोडीदाराच्या खर्चाची तीन वर्षांची हमी द्यावी लागते आणि ती विभक्त झाल्यावरही टिकते. नागरिकत्वासाठी पाच वर्षांत १,०९५ दिवस प्रत्यक्ष राहावे लागते. त्यात लग्नाची सवलत नाही.

जर्मनी: व्हिसाआधी जर्मन भाषेची ए-१ परीक्षा बहुतेकांना बंधनकारक आहे. तीन वर्षे एकत्र राहिल्यावर वास्तव्याचा स्वतंत्र हक्क मिळतो. छळासारख्या विशेष परिस्थितीत ही मुदत माफ होऊ शकते. जर्मन नागरिकाच्या जोडीदाराला तीन वर्षांचे वास्तव्य आणि दोन वर्षांचे लग्न यानंतर नागरिकत्वाचा अर्ज करता येतो.

ऑस्ट्रेलिया: जोडीदार व्हिसा दोन टप्प्यांत मिळतो, आधी तात्पुरता आणि साधारण दोन वर्षांनी कायम. नागरिकत्वासाठी एकूण चार वर्षांचे वैध वास्तव्य लागते, त्यातले शेवटचे एक वर्ष कायम रहिवासी म्हणून.

जपान, थायलंड, नेपाळ: ‘बौद्ध देशात बौद्धाला सोपे जाते’ असे आपल्या तरुणांमध्ये बोलले जाते. जपान आणि थायलंडच्या व्हिसा नियमांत धर्म हा निकष नाही. जपानमध्ये नागरिकाच्या जोडीदाराला तीन वर्षांच्या वास्तव्यानंतर, किंवा लग्नाला तीन वर्षे आणि जपानमध्ये एक वर्ष झाल्यावर, नागरिकत्वाचा अर्ज करता येतो, पण जुने नागरिकत्व सोडावे लागते. थायलंडमध्ये थाई पत्नीच्या आधारे राहणाऱ्या परदेशी पुरुषाला बँकेत ४ लाख बात किंवा महिना ४०,००० बात उत्पन्न दाखवून दरवर्षी मुदतवाढ घ्यावी लागते. नेपाळच्या २०१५ च्या संविधानात नेपाळी पुरुषाच्या परदेशी पत्नीला नागरिकत्वाची वाट आहे, नेपाळी स्त्रीच्या परदेशी पतीला तशी नाही.

ओझरमधून कागद कसे जमवावेत?

परदेशी दूतावास आधी नावे आणि तारखा जुळवून पाहतो. आपल्या अनेक कुटुंबांत शाळेच्या दाखल्यावर एक आडनाव, आधारवर दुसरे आणि जन्म नोंदीत नावच नाही अशी स्थिती असते. हे दुरुस्त करायला महिने लागतात. म्हणून क्रम असा ठेवावा:

१. जन्म प्रमाणपत्र नगरपरिषद किंवा ग्रामपंचायतीतून नव्या नमुन्यात काढावे. नोंदच नसेल तर विलंबित नोंदणीची प्रक्रिया करावी.
२. नाव किंवा आडनावात फरक असेल तर शासकीय राजपत्रात बदल प्रसिद्ध करून बाकीचे कागद त्याप्रमाणे करून घ्यावेत.
३. विवाह नोंदणी प्रमाणपत्रावरचे नाव पासपोर्टशी अक्षरशः जुळले पाहिजे. लग्नानंतर आडनाव बदलणे कायद्याने बंधनकारक नाही.
४. नाशिकच्या पासपोर्ट सेवा केंद्रातून पासपोर्टवर जोडीदाराचे नाव घालता येते. पोलीस पडताळणी प्रमाणपत्राचा अर्जही पासपोर्ट सेवेतूनच होतो.
५. कागदांवर अपोस्टिल घ्यावे. आधी राज्य शासनाचे साक्षांकन आणि मग परराष्ट्र मंत्रालयाचा शिक्का, अशी ही पद्धत आहे. भारत २००५ पासून या करारात आहे आणि कॅनडा २०२४ मध्ये आला. जर्मनीने भारताच्या प्रवेशावर आक्षेप नोंदवला असल्याने तिथल्या दूतावासाची स्वतंत्र पडताळणी असते. त्याची चौकशी आधी करावी.
६. नाते खरे असल्याचे पुरावे सुरुवातीपासून जपावेत. दोघांचे फोटो, प्रवासाची तिकिटे, बोलण्याच्या नोंदी, पैसे पाठवल्याच्या पावत्या आणि दोन्ही घरच्यांच्या भेटी हे सारे उपयोगी पडते.

राज्य शासनाच्या राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्तीवर किंवा केंद्राच्या शिष्यवृत्तीवर गेलेल्यांनी आणखी एक गोष्ट करावी. परत येण्याविषयी करारात काय लिहून दिले आहे, ते तिथे राहण्याचा निर्णय घेण्याआधी वाचावे.

बनावट लग्नाचा सापळा

पैसे घेऊन ‘कागदावरचे लग्न’ लावून देणारे एजंट सगळीकडे आहेत. अमेरिकेत केवळ कायदा चुकवण्यासाठी लग्न केल्यास पाच वर्षांपर्यंत कैद आणि अडीच लाख डॉलरपर्यंत दंड आहे. शिवाय असे लग्न एकदा सिद्ध झाले की पुढे खऱ्या लग्नावर आधारित अर्जही नाकारला जातो. ब्रिटनमध्ये विवाह निबंधकाला संशय आला तर त्याने कळवायचे असते आणि २८ दिवसांची नोटीस ७० दिवसांपर्यंत वाढू शकते. दोघांना वेगवेगळे बसवून घरातल्या साध्या गोष्टी विचारण्याची पद्धत अनेक देशांत आहे. एजंट पैसे घेऊन निघून जातो, पासपोर्टवरचा नकार मात्र आयुष्यभर सोबत राहतो आणि पुढच्या प्रत्येक अर्जात तो सांगावा लागतो.

अवलंबित व्हिसावर छळ झाला तर

‘तक्रार केलीस तर व्हिसा रद्द करीन’ ही धमकी सर्रास दिली जाते. ती बऱ्याच देशांत पूर्ण खरी नाही. अमेरिकेत १९९४ च्या कायद्यामुळे छळ सोसणाऱ्या जोडीदाराला नवऱ्याच्या सहीशिवाय स्वतः अर्ज करता येतो आणि सशर्त कार्डाची अटही एकटीने काढून घेता येते. ब्रिटन, ऑस्ट्रेलिया आणि जर्मनीतही कौटुंबिक हिंसा सोसलेल्यांसाठी वेगळ्या तरतुदी आहेत. त्यासाठी पुरावा लागतो. डॉक्टरांचे कागद, पोलिसांकडची नोंद आणि संदेश जपून ठेवावेत. आपला पासपोर्ट आपल्याच ताब्यात असावा आणि त्याची प्रत माहेरी असावी.

दुसरा प्रकार म्हणजे लग्न करून मुलीला इथेच सोडून जाणे किंवा तिकडच्या न्यायालयातून परस्पर घटस्फोट घेणे. १९९१ च्या वाय. नरसिंह राव निकालानुसार, भारतीय कायद्याखाली झालेल्या लग्नाचा परदेशी घटस्फोट इथे सहसा तेव्हाच मान्य होतो, जेव्हा त्याचे कारण भारतीय कायद्यात बसते आणि पत्नीने त्या न्यायालयात खरोखर भाग घेतलेला असतो. म्हणून परदेशी न्यायालयाची नोटीस आली तर वकिलाला न विचारता तिला उत्तर देऊ नये आणि तिच्याकडे दुर्लक्षही करू नये. २०१९ च्या रूपाली देवी निकालानुसार सासर सोडून आलेली स्त्री जिथे आसरा घेते तिथेही क्रूरतेची तक्रार देऊ शकते. म्हणजे माहेर ओझरला असेल तर ओझर पोलीस ठाण्यातही तक्रार देता येते. राष्ट्रीय महिला आयोगात अनिवासी भारतीयांच्या विवाहांसाठी २००९ पासून स्वतंत्र कक्ष आहे. परराष्ट्र मंत्रालयाचे ‘मदद’ हे संकेतस्थळ आणि दूतावासांचा भारतीय समुदाय कल्याण निधी यांतूनही साहाय्य मिळते.

अनिवासी भारतीयांच्या लग्नाची नोंदणी सक्तीची करणारे विधेयक २०१९ मध्ये राज्यसभेत मांडले गेले, पण त्याचा कायदा झाला नाही. फेब्रुवारी २०२४ मध्ये विधी आयोगाने आपल्या २८७ व्या अहवालात अशा विवाहांसाठी व्यापक केंद्रीय कायद्याची शिफारस केली. आपल्या महिला संघटनांनी ही मागणी लावून धरण्यासारखी आहे.

भारतीय नागरिकत्व सोडताना

भारतात दुहेरी नागरिकत्व नाही. नागरिकत्व कायदा, १९५५ च्या कलम ९ नुसार स्वेच्छेने दुसऱ्या देशाचे नागरिकत्व घेतले की भारतीय नागरिकत्व संपते. त्यानंतर भारतीय पासपोर्ट परत करावा लागतो. तो वापरत राहणे गुन्हा आहे. पुढे ओसीआय कार्ड घेता येते, पण नावात ‘नागरिक’ असले तरी ते नागरिकत्व नाही. त्यातून भारतात येण्या-राहण्याची आजीवन मुभा मिळते. मतदान, निवडणूक लढवणे आणि सरकारी नोकरी यांचा हक्क राहत नाही. आरक्षणाचा लाभही नागरिकत्वासोबत जातो.

कार्यकर्त्यांनी आणखी तीन गोष्टी लक्षात घ्याव्यात. पहिली, ४ मार्च २०२१ च्या अधिसूचनेनुसार ओसीआय कार्डधारकाला भारतात पत्रकारिता, संशोधन किंवा धर्मप्रसाराचे काम करायचे असेल तर विशेष परवानगी लागते. दुसरी, परदेशी नागरिकत्व घेतलेल्या नातेवाइकाने विहाराला किंवा संस्थेला दिलेली देणगी परकीय योगदान (विनियमन) कायदा, २०१० खाली परकीय ठरते. संस्थेची नोंदणी नसेल तर ती घेता येत नाही. भारतीय पासपोर्ट असलेल्या अनिवासी व्यक्तीने आपल्या बचतीतून दिलेली देणगी यात येत नाही. तिसरी, शेतजमीन. अनिवासी भारतीय आणि ओसीआय कार्डधारक दोघांनाही ती विकत घेता येत नाही, वारसाने मात्र मिळू शकते.

म्हणून कायम वास्तव्य आणि नागरिकत्व हे दोन वेगळे निर्णय समजावेत. कायम वास्तव्य घेऊनही भारतीय पासपोर्ट ठेवता येतो. अशा व्यक्तीला लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम २०-अ नुसार मतदार यादीत नाव ठेवून, गावी प्रत्यक्ष येऊन मतदानही करता येते. मुलांसाठी नियम वेगळा आहे. परदेशात जन्मलेल्या मुलाला भारतीय नागरिक करायचे असेल तर एका वर्षात भारतीय दूतावासात जन्मनोंद करावी लागते आणि त्याच्याकडे दुसरा पासपोर्ट नाही असे लिहून द्यावे लागते.

जोडीदार भारतात राहणार असेल तर

काही जोडपी इथेच राहण्याचे ठरवतात. विवाह नोंदवून दोन वर्षे पूर्ण झाल्यावर परदेशी जोडीदाराला ओसीआय कार्डासाठी अर्ज करता येतो. घटस्फोट झाल्यास ते रद्द होऊ शकते. भारतीय नागरिकत्वासाठी कलम ५(१)(क) नुसार सात वर्षांचे वास्तव्य लागते. पाकिस्तान आणि बांगलादेशच्या पूर्वीच्या नागरिकांना ओसीआय मिळत नाही. समलिंगी जोडप्यांना २०२३ च्या सुप्रियो निकालानंतरही भारतात विवाह नोंदवता येत नाही, पण ब्रिटन, कॅनडा, अमेरिका, जर्मनी आणि ऑस्ट्रेलियात त्यांचे लग्न जोडीदार व्हिसासाठी ग्राह्य आहे.

होकार देण्याआधी तपासायच्या गोष्टी

- मुलाचा किंवा मुलीचा तिथला दर्जा नेमका काय आहे: नागरिक, कायम रहिवासी की तात्पुरता कामगार? व्हिसाची प्रत पाहावी. ‘तिकडे सेटल आहे’ एवढ्यावर थांबू नये.
- आधीचे लग्न झाले होते का? झाले असल्यास घटस्फोटाचा अंतिम आदेश मागावा.
- नोकरीचे पत्र आणि कराचे कागद पाहावेत. ब्रिटन आणि अमेरिकेत उत्पन्नाच्या अटीवरच अर्ज उभा राहतो.
- व्हिसावर आपल्याला नोकरी करता येईल का? पहिल्या महिन्यापासून स्वतःच्या नावाचे बँक खाते असावे.
- त्या शहरातली आंबेडकरी किंवा मराठी संघटना, भारतीय दूतावास आणि महिला मदत केंद्र यांचे क्रमांक निघण्याआधी लिहून घ्यावेत.
- आपली पदवी तिथे ग्राह्य आहे का, भाषा किती लागेल, हे इथेच शोधून तयारी सुरू करावी.

स्थळ मागे जाईल या भीतीने हे प्रश्न विचारायचे राहून जातात. ज्याचे कागद नीट आहेत तो ते दाखवायला का-कू करत नाही. जो टाळतो, त्याच्याबाबत लग्नाची तारीख पुढे ढकलायला हरकत नाही. व्हिसाचा अर्ज पुन्हा भरता येतो, पण चुकीच्या घरात गेलेली वर्षे परत मिळत नाहीत.